सेरेंडिपिटी आणि साडू

शेजारचे अप्पा परवा छत्री घ्यायला गुलमंडीवर गेले होते. तिथं त्यांना त्यांचा साडू दिसला. तीन वर्षांपूर्वी हातउसने पाच हजार नेऊन अंतर्धान पावलेला हा गृहस्थ भर बाजारात पानटपरीवर उभा! अप्पा घरी न जाता थेट आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "याला म्हणतात सेरेंडिपिटी!"

"पैसे मिळाले?"

"छे हो! उलट त्याचा चहा मीच पाजला."

हा शब्द अप्पांना नातवाकडून लागला. सर्दी आणि इंग्रजी, दोन्ही नातवंडांकडूनच घरात शिरतात. हल्ली रिक्षा वेळेवर मिळाली तरी लोक 'सेरेंडिपिटी' म्हणतात. माझं भांडण आहे ते इथंच. नुसत्या नशिबाला आपल्याकडे शब्दांचा काय दुष्काळ आहे? योगायोग आहे, घबाड आहे, अगदी संस्कृतच हवं असेल तर काकतालीय न्याय आहे. मग हे पाच अक्षरी ओझं कशाला?

होरेस वॉल्पोल नावाच्या इंग्रज साहित्यिकानं २८ जानेवारी १७५४ च्या एका पत्रात हा शब्द घडवला. सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांची गोष्ट त्यानं वाचली होती. रस्त्याच्या उजव्या बाजूला चांगलं गवत असताना डावीकडचं निकृष्ट गवतच तेवढं खाल्लेलं दिसलं. त्यावरून एका राजपुत्रानं ताडलं, की इथून गेलेलं खेचर उजव्या डोळ्यानं आंधळं असणार! गवत दिसलं योगायोगानं, पण खेचर दिसलं अकलेनं. शोधायला गेलो नव्हतो ते सापडावं, पण सापडावं योगायोग अधिक अक्कल या हिशेबानं, असा वॉल्पोलचा दंडक होता. त्यातून अक्कल वजा केली की उरतो तो अप्पांचा साडू.

हे ऐकून अप्पा चिडले. "मग आपल्या अजिंठ्याचा शोध? तीसुद्धा सेरेंडिपिटी नाही?"

आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून शंभरेक किलोमीटरवर ही लेणी. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या मागे आला आणि त्याला ती दिसली. योगायोग शंभर नंबरी, मान्य. पण अक्कल? दहाव्या लेण्यात शतकानुशतकं टिकलेल्या चित्रावर या बहाद्दरानं स्वतःचं नाव, पलटण आणि तारीख खरडली! लाकूड कोरताना किड्याकडून चुकून अक्षर उमटतं, त्याला घुणाक्षर न्याय म्हणतात. इथं किड्यानं मुद्दाम सही केली. आणि 'शोध' तरी कसला? सांगतात, की एका गुराखी पोरानं त्याला वाट दाखवली. म्हणजे पोराला ठाऊक होतं! त्या पोराचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

अकलेचा मान द्यायचाच तर मेजर रॉबर्ट गिलला द्या. १८४४ मध्ये नेमणूक झाल्यावर तो वर्षानुवर्षं लेण्यांतल्या अंधारात चित्रांच्या नकला करत बसला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. योगायोगानं त्याला दगाच दिला. पण काय बघायचं हे त्याला कळलं होतं.

आणखी एक गंमत. सेरेंडिप म्हणजे आपलं सिंहलद्वीप. अरबांच्या तोंडी त्याचं सरनदीब झालं. त्या सिंहलाची कथा सतराव्या लेण्यात भिंतभर रंगवलेली आहे. म्हणजे स्मिथनं जिथं नाव खरडलं, तिथून सात लेणी पुढे या शब्दाचं आजोळ आहे. आपण मात्र तो नातवाच्या मोबाइलवरून शिकतो!

अप्पा बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "साडूच्या बोटात नवी कोरी सोन्याची अंगठी होती हो. ती मला दिसली होती."

"मग?"

"चहाऐवजी तिथंच पैसे मागायला हवे होते. तीच सेरेंडिपिटी झाली असती, नाही का?"

"आता बरोबर!" मी म्हणालो.