‘इसेन्शियल’ म्हणजे आवश्यक नव्हे

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाच्या कागदावर पुष्कळदा ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’ असे निदान लिहिलेले असते. घरातील कोणी शब्दकोशाच्या आधारे त्याचा अर्थ ‘आवश्यक रक्तदाब’ असा लावतो. मग ‘या वयात एवढा दाब हवाच’ असे म्हणत गोळ्या मागे पडतात. एका विशेषणाचा हा घोटाळा जिवावर बेतू शकतो.

वाचकहो, हे विशेषण कोणत्या नामाला लागले आहे, ते आधी पाहावे. आहाराच्या संदर्भात ‘इसेन्शियल’ म्हणजे शरीराला स्वतः तयार करता न येणारे, म्हणून अन्नातूनच मिळवावे लागणारे. अशी अमिनो आम्ले नऊ आहेत. जवसातील ओमेगा-३ स्निग्धाम्लही त्याच प्रकारचे. रोगाच्या नावात मात्र ‘ज्याच्या मुळाशी दुसरा विशिष्ट आजार सापडत नाही, तो’ असा त्याचा अर्थ होतो. मूत्रपिंडाच्या किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारामुळे वाढलेला रक्तदाब ‘सेकंडरी’. उरलेला, म्हणजे दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांचा, ‘इसेन्शियल’.

हा गैरसमज केवळ सामान्यांचाच होता असे नाही. अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढलेला दाब गरजेचाच असतो, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक डॉक्टरही मानत. परिणामकारक औषधेही तेव्हा फारशी नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशी तो ३००/१९० इतका नोंदला गेला होता. पुढे १९६७ आणि १९७० मध्ये, अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाने दाब उतरवल्यास पक्षाघातासारखी संकटे कमी होतात, हे त्यांतून सिद्ध झाले. शरीराला तो वाढीव दाब ‘आवश्यक’ नव्हताच!

आता ‘इसेन्शियल’ऐवजी ‘प्रायमरी’ हा शब्द अधिक वापरला जातो. तरीही जुना शब्द कागदांवर टिकून आहे. तो आपल्या फाइलमध्ये दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा : कारण एक नाही, पण उपचार निश्चित आहे. मीठ बेताचे, चालणे रोजचे आणि गोळी वेळेवर. दाब आटोक्यात आला म्हणून गोळी परस्पर सोडू नये. बहुधा तिच्यामुळेच तो आटोक्यात असतो.