विश्लेषण : कॉफी किती प्यावी यापेक्षा कधी प्यावी, हे महत्त्वाचे कसे?

कॉफी हृदयाला चांगली, कॉफीने झोप उडते, कॉफी पिणारे जास्त जगतात, कॉफीमुळे अंगात लोह शोषले जात नाही... दर काही दिवसांनी यातली एखादी बातमी मोबाइलवर येऊन धडकते आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागते. गंमत म्हणजे ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. तोच कप सकाळी आठला घेतला, जेवणावर घेतला किंवा रात्री नऊला घेतला, तर शरीरातला त्याचा हिशेब बदलतो. त्यामुळे ‘कॉफी चांगली की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. कपांची संख्या मोजणाऱ्यांनी एक नजर घड्याळावरही टाकायला हवी.

आधी आरोपी, मग निर्दोष. असे का झाले?

१९८१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात कॉफी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांचा संबंध सुचवणारा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफीला संशयितांच्या यादीत टाकले. २५ वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच संस्थेने तिला यादीतून बाहेर काढले. मात्र त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेय, मग ते कोणतेही असो, अन्ननलिकेसाठी बहुधा धोक्याचे असल्याचे सांगितले. म्हणजे संशय कॉफीवरून उठून वाफाळत्या कपावर गेला.

जुन्या अभ्यासांची फसगत बऱ्याच अंशी सिगारेटने केली. त्या काळी भरपूर कॉफी पिणारे अनेक जण धूम्रपानही करत, आणि सिगारेटचे पाप कॉफीच्या माथी बसत होते. २०१२ मध्ये चार लाखांहून अधिक अमेरिकनांच्या नोंदींवर आधारित अभ्यासात हे स्पष्ट दिसले. नुसते आकडे पाहिले तर कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते. धूम्रपानाचा परिणाम वजा केल्यावर चित्र उलटे झाले. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला, त्यात दिवसाला तीन ते चार कप पिणाऱ्यांचे आकडे सर्वांत बरे होते.

तरीही एक मेख आहे. हे बहुतेक अभ्यास निरीक्षणावर आधारलेले आहेत. कॉफी पिणारे लोक जास्त जगतात, याचा अर्थ कॉफीमुळेच जगतात असा होत नाही. आधीच आजारी असलेला माणूस अनेकदा डॉक्टरांच्या सल्ल्याने कॉफी सोडतो, आणि मग ‘न पिणाऱ्यांच्या’ गटात जाऊन बसतो. त्यामुळे आयुष्य वाढावे म्हणून कॉफी सुरू करण्याचे कारण नाही. आवडते म्हणून पिणाऱ्याने मात्र अपराधी वाटून घेण्याचेही कारण नाही.

कॅफिन शरीरात नेमके काय करते?

माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते. ते ठरावीक ग्राहींना चिकटले की झोपेची जडता जाणवते. कॅफिनची रचना ॲडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते, की ते त्याच जागा अडवून बसते. कुलपात चुकीची किल्ली अडकावी तसे. कुलूप उघडत नाही आणि खरी किल्लीही आत जात नाही. थकवा गेलेला नसतो, त्याची सूचना मेंदूपर्यंत पोहोचलेली नसते. कॅफिन उतरले की साचलेले ॲडेनोसिन एकदम काम करू लागते आणि दुपारी चारला डोळे मिटायला लागतात. मग दुसरा कप येतो.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून निम्मे कॅफिन जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाच वाजता १०० मिलिग्रॅम कॅफिन पोटात गेले, तर रात्री दहाला त्यातले सुमारे ५० आणि पहाटे तीनला सुमारे २५ मिलिग्रॅम शिल्लक असते. ही सरासरी आहे. यकृतातल्या एका विकराच्या वेगानुसार कुणाचे तीन तासांत निम्मे होते, कुणाचे सातमध्ये. धूम्रपान करणाऱ्यांत कॅफिन लवकर निघून जाते, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये जवळपास दुप्पट वेळ टिकते आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. शेजारणीला चालते म्हणून घरातल्या सगळ्यांना चालेल, हा तर्क येथे कोसळतो.

झोप लागते, मग अडचण काय?

‘मला कॉफीने काही होत नाही, पिऊन लगेच झोपतो’ असे सांगणारा एक जण प्रत्येक कार्यालयात असतो. झोप लागणे आणि पुरेशी झोप होणे यात फरक आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन देण्यात आले. एकूण झोप एका तासाहून अधिक घटल्याचे उपकरणावर दिसले. डोस मोठा होता हे खरे, पण अंतरही थोडेथोडके नव्हते.

दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्येच आलेल्या या प्रयोगात १०० जणांना कधी कॉफी पिण्यास तर कधी टाळण्यास सांगण्यात आले; दिवस चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेले होते. छातीवर हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेणारे उपकरण, मनगटावर पावले आणि झोप मोजणारा पट्टा. कॉफीच्या दिवशी लोक सुमारे हजार पावले जास्त चालले आणि रात्री सरासरी ३६ मिनिटे कमी झोपले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले थोडे वाढले. कॉफीचा फायदा आणि तिची किंमत एकाच पट्ट्यावर नोंदली गेली.

३६ मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. पण पुण्याच्या पेठांमध्ये अभ्यासिकेत रात्र काढणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी किंवा हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा अभियंता हाच कप रोज, तोही रात्री, घेत असतो. रात्री वाचलेले डोक्यात पक्के बसण्यासाठी झोप लागते. तीच झोप कापून वाचनाचे तास वाढवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, आणि अभ्यासिकांखालच्या टपऱ्या तो रात्रभर चालू ठेवतात. पाळीत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना जागे राहणे भाग असते. त्यांच्यासाठी पाळीच्या सुरुवातीला कॉफी आणि उत्तरार्धात साधे पाणी हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग ठरतो, म्हणजे घरी जाऊन सकाळी तरी झोप लागेल.

सकाळची कॉफी खरेच वेगळी?

जानेवारी २०२५ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’ने ४० हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. कॉफी मुख्यतः सकाळी पिणारे आणि दिवसभर पिणारे असे दोन गट त्यात दिसले. कॉफी न पिणाऱ्यांच्या तुलनेत सकाळच्या गटात कोणत्याही कारणाने मृत्यूची जोखीम १६ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूची जोखीम ३१ टक्क्यांनी कमी होती. दिवसभर कपामागून कप रिचवणाऱ्यांमध्ये असा फायदा आढळला नाही. हाही निरीक्षणाचाच अभ्यास असल्याने वर सांगितलेली मेख येथेही लागू आहे. संध्याकाळपर्यंत कॉफी लागणाऱ्या माणसाची झोप, काम आणि ताण आधीच बिघडलेले असू शकतात. तरी झोपेच्या प्रयोगांशी हे निष्कर्ष जुळतात, म्हणून ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. याउलट ‘उठल्यावर ९० मिनिटे कॉफीला हात लावू नका’ या समाजमाध्यमांवरच्या लोकप्रिय सल्ल्यामागे ठोस पुरावा नाही. तो खुशाल विसरावा.

जेवण आणि गोळ्यांशी कॉफीचे काय वैर?

कॉफीच्या बातम्यांत ही बाब बहुतेकदा शेवटच्या ओळीत ढकलली जाते. महाराष्ट्रात मात्र ती सर्वांत वर हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. आणि चहा-कॉफीतील पॉलिफिनॉल द्रव्ये अन्नातील लोहाला बांधून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. १९८३ मधील एका अमेरिकी प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्यास लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहा घेतल्यास ६४ टक्क्यांनी घटले. त्यातला पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. जेवणाच्या एक तास आधी घेतलेल्या कॉफीने काहीच फरक पडला नाही. एक तासानंतर घेतलेल्या कॉफीने मात्र सोबत घेतल्याइतकाच अडथळा आणला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे म्हटले आहे. रक्तक्षय असलेल्यांनी नंतरचे अंतर दोन तासांचे ठेवले तर अधिक बरे. पोह्यांबरोबर कॉफी ही जोडी कितीही आवडती असली, तरी पोह्यांतले लोह आणि वर पिळलेले लिंबू यांचा उपयोग तो कप बराचसा पुसून टाकतो. लोहाच्या गोळीबाबतही तेच. सरकारी दवाखान्यातून मिळालेली गोळी चहा-कॉफीसोबत गिळली जात असेल, तर मोफत वाटपाचा आकडा वाढतो, हिमोग्लोबिन वाढत नाही. गोळीच्या पाकिटासोबत हे एक वाक्य सांगायला आरोग्य यंत्रणेला काहीच खर्च नाही.

थायरॉइडच्या गोळीचे गणितही असेच आहे. उपाशीपोटी घ्यायची ती गोळी कॉफीबरोबर घेतली तर तिचे शोषण कमी होते. गोळी पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास थांबावे लागते. अनेक घरांत गोळी आणि पहिला कप एकाच मिनिटाला पोटात जातात आणि मग तपासणीत आकडा हलत नाही म्हणून डोस वाढतो.

घरची कॉफी आणि अभ्यासातली कॉफी एकच का?

नाही. पाश्चात्त्य अभ्यासांतली कॉफी बहुतांशी गाळलेली, बिनदुधाची किंवा थोड्या दुधाची असते. मराठी घरातली पारंपरिक कॉफी म्हणजे आटीव दूध, साखर, वर जायफळ आणि वेलदोडा. पाहुण्यांसाठी, नाहीतर उपवासाला. झोप आणणारे म्हणून ओळखले जाणारे जायफळ झोप उडवणाऱ्या पेयात घालण्याची ही कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला दाद द्यावी तेवढी थोडी. त्या कपात कॅफिन बेताचे असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांनुसार १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम, उकळून-गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. तीन चहा आणि दोन इन्स्टंट कॉफी घेणारा माणूस स्वतःला ‘कॉफीबाज’ समजत नाही, पण त्या मर्यादेजवळ पोहोचलेला असतो. आपल्याकडे चहाचा हिशेब कुणी धरतच नाही.

खरी अडचण साखरेची आहे. तीन कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी जी आदर्श मर्यादा सुचवते ती कपांतच संपते. कॉफीने मधुमेहाची जोखीम घटते असे सांगणारे अभ्यास अशा कपाला लागू करणे ही स्वतःची फसवणूक आहे. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट : कॉफीतील तैलद्रव्ये कागदी गाळणीत अडकतात, धातूच्या फिल्टरमधून काही प्रमाणात उतरतात. इन्स्टंट कॉफीत ती फारच कमी असतात.

चिकोरीचा उल्लेखही हवा. कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी, असा भारतातला नियम आहे. चिकोरीच्या मुळात कॅफिन नसते, त्यामुळे मिश्रण जितके चिकोरीचे तितके कॅफिन कमी. पाकिटावर प्रमाण छापलेले असते. कॅफेतल्या कपावर मात्र काहीच नसते. एनर्जी ड्रिंकच्या कॅनवर कॅफिनची सूचना सक्तीची आहे, मोठ्या साखळी उपाहारगृहांना मेनूवर उष्मांकही द्यावे लागतात; मग कॉफीच्या मोठ्या मगात कॅफिन किती, हे ग्राहकाने अंदाजाने का ठरवावे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा आकडा मेनूवर आणायला हवा.

कोणी अधिक जपावे?

गरोदर स्त्रियांसाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे आणि त्यात चहाही धरायचा असतो. अनियंत्रित रक्तदाब, चिंताविकार, निद्रानाश किंवा आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलावे.

कमी करायची असेल तर एकदम सोडू नये. निर्जळी उपवासाच्या दिवशी दुपारनंतर उठणारी डोकेदुखी अनेक घरांत पित्तावर ढकलली जाते. रोज चहा-कॉफी घेणाऱ्यांमध्ये ती बऱ्याचदा कॅफिन तुटल्याची असते; शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत ती सुरू होते आणि काही दिवस टिकू शकते. उपवासाच्या आधीच्या आठवड्यात रोज थोडी थोडी कमी केली, तर ती बहुतेकांना टाळता येते. सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करावी, सकाळचा शेवटपर्यंत राहू द्यावा.