पहिला प्याला

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आले ते १९१९ साली, आपल्या बडोद्यात. त्यातील सुधाकराची अधोगती सर्वांना स्मरते. परंतु त्याने मध्यंतरी मद्य सोडले होते, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही. काम मागत तो दारोदार फिरला, पदरी अवहेलना आली आणि निश्चय ढासळला.

व्यसनमुक्तीचे मर्म येथेच आहे. जन्मभराची शपथ घेणे सोपे. आजचा पहिला प्याला नाकारणे कठीण. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या चळवळीने म्हणूनच ‘केवळ आजचा दिवस’ हा मंत्र दिला. जडलेले व्यसन एकाएकी सोडल्यास कंप, झटके, भ्रम संभवतात. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. कायदा दुकान बंद करील. परंतु मद्य सोडलेल्या माणसाला पंक्तीत सन्मानाने बसविणे, त्याच्या हाताला काम देणे आणि गतकाळाचा उच्चार टाळणे, हे घराचे व समाजाचे कर्तव्य होय. सुधाकराला जी दारे बंद मिळाली, ती आपण तरी उघडी ठेवू या.