द्यूत, स्त्रिया आणि सत्कार

खान्देशांत आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय्य तृतीयेस सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, गौराईचीं गाणीं होतात आणि घरोघर पुरणपोळी व आंब्याचा रस यांच्या पंगती उठतात. त्याच दिवशीं ओट्यावर, पारावर व शेताच्या बांधावर पुरुषांचे पत्त्यांचे अड्डे बसतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा गृहस्थही आखाजीला ‘शास्त्रापुरता’ एक डाव खेळतो. शास्त्र कोणतें, हें विचारलें तर मात्र त्यास सांगतां येत नाहीं. झोक्यावर बायका आणि पत्त्यांवर पुरुष, ही वांटणी आम्ही अमळनेरांत लहानपणापासून पाहत आलों आहों.

गेल्या आखाजीस ह्या वांटणींत एक विघ्न उपस्थित झालें. आमच्या निकट परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. चार भाऊ, त्यांचीं बायका-मुलें आणि सर्वांच्या वर एक वृद्ध आत्या. ह्या घरांतील एक मुलगी पुण्यास संख्याशास्त्र शिकून तेथेंच नोकरीस राहिली आहे. ती सणाच्या चार दिवस आधीं आली, आणि बोलतां बोलतां असें निघालें कीं, गोव्यास मांडवीच्या पात्रांतील एका जहाजावर पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा झाली, तींत तिनें पारितोषिक मिळविलें. धाकट्या सुनांना कौतुक वाटलें. त्यांतील एकीनें ही वार्ता महिला मंडळांत नेली. मंडळाच्या चिटणीसबाई उत्साही. आखाजीच्या हळदीकुंकवास हिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावयाचा, असें त्यांनीं तेथल्या तेथें ठरविलें. हें ऐकून घरांतील थोरले काका संतापले. “जुगारी पोरीची ओटी भरायची, तर मग ओट्यावरच्या मंडळींना शाली कां नकोत?” असा त्यांचा सवाल. शेवटीं हा वाद आमच्याकडे आला. कारण मासिकांत लिहिणाऱ्यास सर्व कांहीं समजतें, असा लोकांचा एक गोड गैरसमज असतो.

आम्हीं प्रथम हा खेळ समजावून घेतला. ज्यांस तीन पत्ती ठाऊक आहे, त्यांस तो अगदींच परका वाटणार नाहीं. सध्यां सर्वत्र चालणाऱ्या प्रकारांत प्रत्येकास दोन पानें उपडीं मिळतात आणि पांच पानें सर्वांसाठीं मध्यें उघडलीं जातात. आधीं तीन, मग एक, मग एक. सातांपैकीं उत्तम अशा पांचांचा संच ज्याचा, त्याची सरशी. प्रत्येक पायरीस पैसे लावावे, वाढवावे, अगर पानें टाकून बाजूस व्हावें. बावन्न पानांतून पांचांचे २५,९८,९६० निरनिराळे संच होतात. त्यांत एका रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी असे सर्वश्रेष्ठ संच अवघे चार. पहिल्या दोन पानांत एक्क्यांची जोडी येण्याचा संभव २२१ मध्यें एक. म्हणजे सामान्य पानेंच बहुधा वांट्यास यावयाचीं, आणि तीं सर्वांच्याच वांट्यास यावयाचीं. म्हणून कसलेला खेळाडू बहुतेक हात पहिल्याच पायरीस टाकून देतो. आपल्याकडे ओट्यावर जो पान टाकतो, तो भित्रा ठरतो. तेथें टाकतां न येणें हेंच अडाणीपणाचें लक्षण. समोरच्याच्या लावण्यावरून त्याच्या हाताचा अदमास घेणें, मध्यें जमलेली रक्कम व जिंकण्याचा संभव यांचें त्रैराशिक मांडणें, प्रसंगीं हूल देणें, ही ह्या खेळाची विद्या आहे. एका डावांत दैव जिंकतें यांत संशय नाहीं. हजार डावांत मात्र विद्या दिसूं लागते.

नॉर्वेची ॲनेट ओब्रेस्टाड हिचें उदाहरण ह्या बाबतींत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आंतरजालावरील एका १८० जणांच्या स्पर्धेंत तिनें स्वतःचीं पानें अवघ्या एका वेळीं पाहिलीं. एरवीं केवळ इतरांच्या चालीवरून खेळून ती पहिली आली. पुढें २००७ सालीं लंडन येथील मोठ्या स्पर्धेंत ती विजयी झाली, तेव्हां तिला एकोणीस वर्षें पूर्ण होण्यास एक दिवस उणा होता. आपल्या पानांकडे न पाहतां दुसऱ्याचें मन वाचणें ही कला एकत्र कुटुंबांतील कोणत्याही सुनेस नवी नाहीं, असें ती आत्या आम्हांस म्हणाली. आम्हीं तें नोंदवून ठेवलें आहे.

स्त्रिया आणि द्यूत यांची गांठ मुळांत जुनीच आहे. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यांत, ज्यास रामेश्वर म्हणतात, शंकर व पार्वती सारीपाट खेळत बसलीं आहेत. तेथें पार्वती खेळणारी आहे, पाहणारी नव्हे. महाभारताच्या सभेंत मात्र द्रौपदी खेळणारी नाहीं, पणास लागलेली आहे, आणि साऱ्या सभेंत डावाचा नियम विचारणारी तीच एकटी आहे. आमच्या समाजानें ह्या दोहोंपैकीं दुसरें चित्र अधिक मनावर घेतलें. गहाण पडणाऱ्या पाटल्या स्त्रीच्या आणि खेळणारे हात पुरुषाचे, ही रीत आम्हीं ह्याच गांवांत पाहिली आहे.

परदेशांतही ह्या खेळाचें टेबल दीर्घकाल पुरुषांचेंच होतें. अमेरिकेंत लास व्हेगस येथें १९७० पासून ह्या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. विजेत्यास सोन्याचें कंकण देण्याची चाल १९७६ पासून पडली. कंकण हा अलंकार आमच्याकडे कोणाचा, हें सांगावयास नकोच. तेथें तो बहुशः पुरुषांच्याच मनगटीं चढला. १९७७ सालीं स्त्रियांची निराळी स्पर्धा सुरू झाली. १९९५ मध्यें बार्बरा एनराइट ही मुख्य स्पर्धेच्या अंतिम टेबलावर बसणारी पहिली स्त्री ठरली व पांचवी आली. तिच्यानंतर त्या टेबलावर दुसरी स्त्री बसण्यास तीस वर्षें लागलीं. २०२५ सालीं स्पेनची लिओ मार्गेट्स तेथपर्यंत पोंचली व सातवी आली. व्हेनेसा सेल्बस्ट हिनें खुल्या स्पर्धांत तीन कंकणें जिंकलीं. ह्या खेळाच्या मानकऱ्यांची एक नामावली १९७९ पासून आहे. तींत पहिल्या स्त्रीचें, म्हणजे एनराइटचेंच, नांव २००७ मध्यें आलें. आणि पुढच्याच वर्षीं, २००८ मध्यें, स्त्रियांसाठीं स्वतंत्र नामावली निघाली.

येथें आम्हांस आमच्या घरांतील दुसऱ्या पंगतीची आठवण होते. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी बायकांची. अन्न तेंच, परंतु तोंवर पोळी निवालेली आणि वाढणारीचे हातही दमलेले. पहिल्या पंगतींत पाट मिळत नाहीं तोंपर्यंत दुसरी मांडणें भाग आहे, आणि ती मांडणाऱ्यांस आम्ही नांवें ठेवणार नाहीं. पण ती मांडली म्हणजे आतिथ्य पुरें झालें, असें यजमानानें समजूं नये. एक गंमत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंत स्त्रियांच्या स्पर्धेंत पुरुषांस कायद्यानें मज्जाव करतां येत नाहीं. कांहीं पुरुष खरोखरच त्यांत येऊन बसूं लागले. तेव्हां २०१३ पासून प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर ठेवून स्त्रियांस नऊ हजारांची सूट देण्याची युक्ति निघाली. दुसऱ्या पंगतींतही आधीं जाऊन बसणारे पुरुष सर्व देशांत सारखेच दिसतात.

महाराष्ट्रास ह्या प्रश्नाचा अनुभव पत्त्यांत नव्हे, बुद्धिबळांत आला आहे. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री व रोहिणी ह्या तीन कन्यांनीं स्त्रियांचें राष्ट्रीय विजेतेपद वर्षानुवर्षें आपल्या घरांतून बाहेर जाऊं दिलें नाहीं. १९७४ ची पहिली स्पर्धा वासंतीबाईंनीं जिंकली. परंतु खरी कसोटी १९७६ सालीं लागली. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत खेळावयास बसली आणि गदारोळ उडाला. मुलीनें स्त्रियांत खेळावें, येथें तिचें काय काम, असा आक्षेप निघाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. अखेरीस जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष, स्वतः एकेकाळचे जगज्जेते मॅक्स यूवे, यांनीं निर्णय दिला कीं, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांस स्त्रियांना बंदी करतां येणार नाहीं. रोहिणीबाईंस पुढें १९८० सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला व १९८१ मध्यें त्या आशियाई विजेत्या झाल्या. शाल त्यांस पुष्कळांनीं पांघरली असेल. पण १९७६ चा तो पाट हा आमच्या मतें त्या सर्व शालींहून मोठा सन्मान होय. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैंत बाटुमी येथें कोनेरू हंपीस हरवून स्त्रियांचा विश्वचषक जिंकली, आणि त्याबरोबर तिला जी ग्रँडमास्टर पदवी मिळाली, ती पुरुषांस मिळते तीच. स्त्रियांसाठीं असलेली निराळी, कमी गुणांची पदवी तिनें २०२१ मध्येंच मिळविली होती.

पोकरमध्येंही आपल्या देशांत स्त्रियांचा मान झालेला आहे. राष्ट्रपति रामनाथ कोविंद यांनीं जानेवारी २०१८ मध्यें आपापल्या क्षेत्रांत प्रथम पाऊल टाकणाऱ्या ११२ स्त्रियांचा गौरव केला, त्यांत दिल्लीच्या मुस्कान सेठी ह्या व्यावसायिक पोकर खेळाडू होत्या. त्याच वर्षीं निकिता लूथर यांनीं जोडीच्या स्पर्धेंत जर्मन सहकाऱ्यासह तें सोन्याचें कंकण जिंकलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. आतां राष्ट्रपतिभवनांत ज्या विद्येचा गौरव होतो, ती अमळनेरच्या ओट्यावर गुन्हा कां, असें कोणी विचारील. कायदा ह्या बाबतींत सरळ बोलत नाहीं. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानें निव्वळ कौशल्याचा खेळ वगळला. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं रमीस कौशल्याचा खेळ म्हटलें. गुजरातच्या उच्च न्यायालयानें २०१७ मध्यें पोकरला जुगारांत घातलें. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें आंतरजालावरील पैशाचे सर्वच खेळ, कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंद केले. गोव्यांत परवान्याच्या जहाजावर मात्र डाव चालू शकतो.

थोरल्या काकांचा आक्षेप ह्या सर्वांनीं खोडला जात नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. बुद्धिबळांत हरणारा फक्त डाव हरतो. पत्त्यांत एकाची कमाई ती दुसऱ्याची तूट असते, आणि अड्डेवाला नाल काढतो ती निराळीच. तेव्हां टेबलावरच्या सर्वांची मिळून बेरीज तोट्याचीच व्हावयाची. सत्कारांत जिंकलेल्याचें नांव उच्चारलें जातें; हरलेल्यांचीं घरें त्या सभेस येत नाहींत. म्हणून आम्हीं मंडळास असें सुचविलें कीं, सत्कार अवश्य करावा, परंतु पारितोषिकाची रक्कम व्यासपीठावरून वाचूं नये. आणि मुलीनें जिंकलेल्या डावाबरोबर हरलेल्या डावांचेंही सांगावें. चिटणीसबाईंस हें थोडें बेरंग करणारें वाटलें. मुलीनें मात्र तात्काळ मान्य केलें.

हळदीकुंकवास आमच्या घरच्या मंडळी गेल्या होत्या. पुढील वृत्तांत त्यांच्याकडून कळला. मुलीनें एक साधी वही आणली होती. तींत तीन वर्षांचा प्रत्येक बैठकीचा जमाखर्च होता. पहिलीं दोन वर्षें तोट्याचीं. तिसऱ्यांत पारितोषिक धरून थोडा नफा. नोकरी सोडून हाच व्यवसाय करणार काय, असें एकीनें विचारलें. इतक्या वहीवरून मी चांगली खेळतें कीं नशिबानें जिंकलें, हें मलाच अजून सांगतां येत नाहीं, असें ती म्हणाली. सभेंत जरा शांतता पसरली. मग मागच्या रांगेंतून एक बाई उठल्या. ह्यांच्या पाटल्या पूर्वीं एका आखाजीनंतर गहाण पडल्या होत्या व दोन वर्षांनीं सुटल्या, हें तेथें सर्वांस ठाऊक होतें.

“अग, बाकीचं राहूं दे,” त्या म्हणाल्या. “तूं उठतेस केव्हां, तेवढं सांग.”

“बसण्याआधींच ठरवतें, काकू,” मुलगी म्हणाली. “किती गेले म्हणजे उठायचं, तो आंकडा त्या दिवसाच्या पानावर पहिल्या ओळींत लिहितें. तो घरखर्चाचा नसतो. आणि त्या आंकड्याच्या पुढं एकदां गेलें होतें, तें पान हें.” तिनें पान उघडून त्यांच्या हातीं वही दिली. बाईंनीं तें पान बराच वेळ पाहिलें. नंतर ओटी भरली ती त्यांनींच.

इतिवृत्ताच्या वहींत काय लिहावें यावर पुन्हां वाद झाला. ‘जुगार’ नको, ‘बुद्धीचा खेळ’ अतिशयोक्त. अखेर आत्यांच्या सांगण्यावरून ‘पत्त्यांच्या स्पर्धेंतील यश व त्याचा चोख जमाखर्च यांबद्दल’ असें लिहिलें गेलें. थोरले काका सभेस गेले नव्हते. संध्याकाळीं त्यांनीं ती वही मागवून घेतली व चष्मा लावून दिव्याखालीं बसले. तास-दीड तासानें त्यांनीं ती परत केली. बेरजा बरोबर आहेत, इतकेंच ते म्हणाले.