सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी

घराचा प्लॅन बिघडला की दोष सॉफ्टवेअरचा, हे मत बुऱ्हाणपूर भागात इतकं मुरलं आहे की त्याविरुद्ध बोलणाराच वेडा ठरतो. रेघा थरथरतात, हॅच (आतली नक्षी) भरत नाही, छापलेला प्लॅन भलत्याच मापाचा निघतो; निदान तयार असतं: ‘सॉफ्टवेअर खराब झालंय, काढून पुन्हा टाकू.’ त्यानं भागलं नाही तर नवी आवृत्ती, त्यानंतर नवा संगणक. केळीचे पैसे हातात आल्यावर फोपनारहून घराचा प्लॅन काढायला आलेला शेतकरी समोर बसून हे ऐकतो आणि मान डोलावतो. त्याला कळायचं कारण नाही. सांगणाऱ्यालाही कळत नसतं, ही माझी तक्रार आहे.

हा ‘पुन्हा टाकण्या’चा उपाय आधी निकालात काढू. ऑटोकॅड हे प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर १९८२ सालापासून बाजारात आहे, तरी त्याच्या साध्या सेटिंगांची ओळख नसते. फाइल उघडायला सांगितली आणि नेहमीची खिडकी न येता खाली कमांडच्या ओळीत नाव विचारलं गेलं, की माणसं घाबरतात. होतं इतकंच की ‘फाइलडिया’ नावाच्या सेटिंगमध्ये शून्य पडलेलं असतं. एखादी स्क्रिप्ट अर्ध्यावर तुटली की ते तसंच राहून जातं. तिथं एक लिहिलं की खिडकी परत येते.

दुसरा प्रकार जास्त बोलका आहे. ‘एक्स्प्लोड’ कमांड अचानक चालेनाशी होते. अशा वेळी ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ‘ॲकॅडडॉक डॉट एलएसपी’ नावाची, आपण न ठेवलेली फाइल आहे का ते पाहावं. लिस्प भाषेत लिहिलेले जुने व्हायरस याच नावानं पेनड्राइव्हमधून फिरतात. सॉफ्टवेअर कितीदाही टाका. त्या फोल्डरमधलं ड्रॉइंग उघडलं की ते पुन्हा हजर. सॉफ्टवेअर बंद ठेवून ती फाइल पुसावी लागते, सगळ्या फोल्डरांतून आणि पेनड्राइव्हमधूनही. (क्रॅक केलेली आवृत्ती वापरणाऱ्यानं वर कंपनीच्या दर्जावर बोलावं, हा विनोद वेगळाच.)

आता मापाकडे येतो. खरं दुखणं इथंच आहे. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण मिस्त्री अजून फूट, इंच आणि सुतातच बोलतो. त्याचं चुकत नाही. टेपवर दोन्ही आकडे असतात. चुकतो तो टेबलावर बसणारा. प्लॅन इंचात काढायला घेतो आणि दरवाजाचा तयार ब्लॉक मिलिमीटरमधला उचलतो. एकक नोंदलेलं नसेल तर सॉफ्टवेअर ९०० हा आकडा ९०० इंच म्हणून मांडतं. दरवाजा ७५ फुटांचा! मग तो डोळ्यांनी ओढून-ताणून बसवला जातो, आणि त्या ओढाताणीत पुढचं प्रत्येक माप खोटं होतं. ‘युनिट्स’ ही कमांड पहिली रेघ ओढण्याआधी द्यायची असते. ब्लॉक आधीच चुकीचा आला असेल तर इंच आणि मिलिमीटर यांतलं प्रमाण २५.४ आहे, त्यानं लहान करावा. अंदाजानं ओढू नये.

याहून मोठी चूक जागेवर होते. फोपनार ही जुनी वस्ती. तिथं १९६४ साली सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती प्राचीन आहेत. त्या काळापासून वस्ती सलग होती असा दावा मी करत नाही, पण अशा जुन्या गावठाणात काटकोनातला प्लॉट शोधून सापडत नाही. माणूस जागा मोजून येतो ती अशी: पुढून तीस, मागून तीस, दोन्ही बाजू चाळीस. ड्राफ्टिंगवाला लगेच ३० बाय ४० चा आयत काढतो. पण नुसत्या चार बाजूंनी चौकोनाचा आकार ठरत नाही. त्याच चार बाजूंचे कितीतरी तिरके चौकोन होतात. ठरवतो तो कर्ण. ३० बाय ४० च्या आयताचा कर्ण ५० फूट यायला हवा. तो ५० फूट ६ इंच आला, तर चाळीस फुटांच्या टोकाला जागा सुमारे दहा इंच सरकलेली असते. म्हणजे नऊ इंची भिंतीच्या जाडीहून जास्त. ती भिंत शेजाऱ्याच्या जागेत जाते आणि भांडण कोर्टात.

बाजूंची मापं वेगवेगळी असली तर प्रकार आणखी गमतीचा होतो. काटकोन गृहीत धरून ओढलेली चौथी रेघ पहिलीला भेटत नाही. मग ती नजरेनं जुळवली जाते आणि झूम केल्याशिवाय न दिसणारी फट राहते. पुढं क्षेत्रफळ निघत नाही, हॅच भरत नाही, आणि शिवी बसते सॉफ्टवेअरला. वास्तविक सॉफ्टवेअर तेवढं एकच खरं बोलत असतं: मापं जुळत नाहीत, जागेवर परत जा. शहरात परवानगीची ऑनलाइन यंत्रणा याच कारणानं ड्रॉइंग परत पाठवते, कारण तिला बंद पॉलीलाइन, म्हणजे टोकं जुळलेली सलग रेघ लागते. हॅच भरावा म्हणून ‘गॅप टॉलरन्स’ वाढवून देणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. हॅच भरतो, पण प्लॉट तसाच उघडा राहतो.

रेघांच्या थरथरीचं कारण आणखी वेगळं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होते, आणि असे नकाशे खऱ्या भौगोलिक अंकांवर बसवलेले असतात. बुऱ्हाणपूर भागात उत्तरेकडचा अंक साडेतेवीस लाख मीटरच्या घरात येतो. तो मिलिमीटरमध्ये नेला की झाले सुमारे २३५ कोटी. मूळबिंदूपासून एवढ्या लांब घर काढलं तर स्केचअपमध्ये कडा थरथरणार आणि ऑटोकॅडमध्ये हॅच रुसणार. उपाय सोपा आहे. प्लॉटचा एक कोपरा शून्यावर आणून त्याचे मूळ अंक लिहून ठेवावेत. यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड घेणं हा शुद्ध वेडेपणा.

अक्षरांचंही तसंच. आपल्या मध्य प्रदेश-महाराष्ट्र सरहद्दीवर एकाच प्लॅनवर हिंदी आणि मराठी दोन्ही येतात. कृतिदेव फॉन्टमध्ये लिहिलेलं ‘स्वयंपाकघर’ दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उमटतं, आणि युनिकोडमधली देवनागरी ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टवर टाकली की प्रश्नचिन्हं दिसतात. मंगल किंवा निर्मला यांसारखा युनिकोड फॉन्ट ठेवला आणि प्लॅन पीडीएफ करून दिला, तर वादच मिटतो.

आता दुसऱ्या बाजूचे पंच. त्यांना वाटतं, हा सगळा उपद्व्याप हवाच कशाला? बुऱ्हाणपूरची जमिनीखालची पाणीव्यवस्था, खुनी भंडारा, १६१५ च्या सुमारास खणली गेली तेव्हा कुठलं सॉफ्टवेअर होतं? नव्हतं, हे कबूल. पण सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर, शंभराहून अधिक कुंड्यांमधून शहरात आणताना खणणाऱ्यांनी पातळी अंदाजानं धरली असती, तर पाणी वाटेतच अडलं असतं. हा दाखला मोजणीच्या बाजूचा आहे. अंदाजपंचे काम करणाऱ्यानं तो तोंडी घेऊ नये. शिवाय चांगला मिस्त्री आजही पाया आखताना तीन-चार-पाचनं काटकोन काढतो आणि दोन्ही कर्ण मिळवून पाहतो. जागेवर तो जे करतो तेच टेबलावर व्हावं, एवढंच मागणं आहे.

सॉफ्टवेअर कधीच चुकत नाही, असंही माझं म्हणणं नाही. हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर पडद्यावरचा गोंधळ थांबला, तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, तो बदला. फाइल उघडेना तर आधी ‘रिकव्हर’, तेही न जमल्यास शेजारची बॅक फाइल नाव बदलून उघडा. फाइल विनाकारण फुगली असेल तर ‘ऑडिट’, ‘ओव्हरकिल’ आणि ‘पर्ज’, पण मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून. मात्र हे सगळं टेप आणि एकक तपासून झाल्यावर. दुकानांत हा क्रम नेमका उलटा चालतो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्यातच जातात.

तेव्हा प्लॅन काढून घेणाऱ्यांना एकच विनंती. जागा मोजाल तेव्हा दोन्ही कर्ण मोजा, आकडा फुटातला की मीटरमधला ते शेजारी लिहा आणि तो कागद ड्राफ्टिंगवाल्याच्या हातात द्या. कर्ण न विचारता जो आयत काढायला बसेल, त्याच्याकडून प्लॅन घेऊ नका.