वाजलं तर खरं, पण कशासाठी?



विमान धावपट्टीकडे निघालं की केबिन कर्मचारी मधल्या वाटेत उभे राहून पिवळा मास्क दाखवतात. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचे डोळे मोबाईलवर असतात. भिलाईहून रायपूर विमानतळ गाठून वर्षातून दोनदा मुंबईला जाणाऱ्यांना तर ही सगळी सूचना तोंडपाठ झालेली असते. तरी एकदा घरात विचारून पाहा. हा मास्क खाली कधी येतो? तो येण्याआधी वैमानिकांसमोर काय वाजलेलं असतं? आणि ते वाजूनही कळलं नाही तर काय होतं? या वेळी त्याबद्दलच बोलू या.

२० सप्टेंबर २०१८ ची सकाळ. जेट एअरवेजचं बोईंग ७३७ विमान १६६ प्रवासी घेऊन मुंबईहून जयपूरला निघालं. विमान वर चढत असतानाच प्रवाशांचे कान दुखू लागले आणि डोकं जड झालं. सुमारे ३० जणांच्या नाकाकानांतून रक्त आलं. डोक्यावरचे मास्क खाली लोंबले आणि विमान मुंबईला परत आणलं गेलं. सगळे जिवंत उतरले, पण काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. कारण काय, तर इंजिनांकडून केबिनमध्ये हवा आणणारे स्विच सुरू करायचे राहून गेले होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेच ते सांगितलं.

स्विच आणि हवेचा काय संबंध? साधी गोष्ट आहे. प्रवासी विमान ३५,००० फुटांवर उडतं, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्यापेक्षाही वर. तिथल्या विरळ हवेत माणूस शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून इंजिनात दाबली गेलेली थोडी हवा काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. त्यामुळे बाहेर ३५,००० फूट असले तरी आत साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरावर बसल्यासारखी हवा असते. हवा येणं थांबलं आणि विमान चढतच राहिलं, तर आतली 'उंची'ही वाढत जाते. ती १०,००० फुटांवर गेली की कॉकपिटमध्ये भोंगा वाजतो. १४,००० फुटांच्या आसपास प्रवाशांचे मास्क आपोआप खाली येतात. लेह शहर साडेअकरा हजार फुटांवर आहे, त्यावरून अंदाज करा.

आता भोंगा कशाला हवा? श्वास कोंडला तर माणसाला आपोआप कळणार नाही का? नाही कळत, आणि खरा धोका तिथेच आहे. प्राणवायू कमी पडू लागला की गुदमरल्यासारखं वाटत नाही. उलट काहींना हलकं आणि मजेत वाटतं. विचार मंदावतो, साधी बेरीज चुकते, पण चुकतंय हे ज्याचं त्याला उमगत नाही. आपल्या भिलाईत हे वेगळं समजावून सांगायला नको. १२ जून २०१४ रोजी स्टील प्लांटच्या पंप हाउसमध्ये विषारी वायू शिरला आणि दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जणांचा जीव गेला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. जिथे नाक आणि डोळे हरतात, तिथे यंत्रालाच ओरडावं लागतं. विमानातही तेच आहे.

पण यंत्र ओरडलं म्हणजे काम झालं असं नाही. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात नेमकं हेच घडलं. तेही बोईंग ७३७च होतं. आदल्या रात्री दुरुस्तीच्या वेळी हवेच्या दाबाची एक कळ 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर केली गेली, ती तशीच राहिली. विमान चढू लागलं आणि भोंगा वाजला. मात्र त्या विमानात एकाच भोंग्याचे दोन अर्थ होते. जमिनीवर वाजला तर 'उड्डाणाची तयारी अपुरी आहे' आणि हवेत वाजला तर 'केबिनमधली हवा विरळ होतेय'. वैमानिकांनी पहिला अर्थ घेतला. ते जमिनीवरच्या लोकांशी यंत्रं थंड करणाऱ्या पंख्यांबद्दल बोलत राहिले आणि बोलता बोलताच बेशुद्ध झाले. स्वयंचलित यंत्रणेने विमान अथेन्सजवळ नेऊन घिरट्या घालत ठेवलं. शेवटी इंधन संपलं. विमानातल्या १२१ जणांपैकी एकही वाचला नाही.

त्यानंतर या विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे, नाव लिहिलेले दिवे बसवणं बंधनकारक झालं. भोंगा वाजला की कोणता दिवा लागलाय ते पाहायचं. इतका साधा उपाय, पण त्याआधी १२१ माणसं गेली.

म्हणूनच आजच्या कॉकपिटमध्ये इशाऱ्यांची उतरंड ठरलेली असते. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी काहीतरी करा. पिवळा म्हणजे लक्ष द्या, लवकरच करावं लागेल. त्याखाली नुसती माहिती, जिला आवाजही नसतो. एअरबसच्या विमानांत लाल इशाऱ्याला घंटी सारखी वाजत राहते आणि पिवळ्याला एकदाच 'टिंग' होतं. समोरच्या पडद्यावर काय बिघडलं आणि काय करायचं, तेही क्रमाने येतं. सगळं ठीक असेल तेव्हा डोक्यावरच्या पॅनेलवर जवळपास एकही दिवा नसतो. त्यामुळे एक दिवा लागला तरी नजर तिकडेच जाते. आणखी एक शहाणपण म्हणजे विमान धावपट्टीवर वेगाने धावत असताना कमी महत्त्वाचे इशारे यंत्र स्वतःच दाबून ठेवतं. त्या काही सेकंदांत वैमानिकाचं लक्ष दुसरीकडे जाणं, हाच मोठा धोका असतो.

काही इशारे चक्क माणसाच्या आवाजात बोलतात. डोंगर जवळ आला तर 'टेरेन, टेरेन' आणि मग 'पुल अप'. विमान एका बाजूला फार कललं तर 'बँक अँगल'. ही यंत्रणा प्रामुख्याने डॉन बेटमन नावाच्या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याची देणगी. विमानाचा वेग फार कमी झाला तर अनेक विमानांत हातातला दांडाच थरथरू लागतो, म्हणजे कानाने ऐकलं नाही तरी हाताला कळावं. आणि दुसरं विमान समोरून येत असेल तर दोन्ही विमानांतली यंत्रं एकमेकांशी बोलतात. एकाला 'वर जा' सांगतात, दुसऱ्याला 'खाली जा'.

हे शेवटचं यंत्र भारतात सक्तीचं झालं ते हरियाणातल्या चरखी दादरीनंतर. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी तिथल्या आकाशात सौदी आणि कझाकस्तानच्या विमानांची टक्कर झाली आणि ३४९ जण गेले. विमानातल्या जवळजवळ प्रत्येक इशाऱ्यामागे अशी एक तारीख आहे.

तरीही शेवटी ऐकणारा माणूसच असतो. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळुरूला उतरताना फार उंचावरून आणि फार वेगाने येत होतं. यंत्र 'सिंक रेट' आणि 'पुल अप' म्हणत राहिलं. सहवैमानिकानेही पुन्हा वर जाऊ या असं सुचवलं. पण मुख्य वैमानिकाने विमान उतरवायचंच ठरवलं होतं. डोंगरमाथ्यावरची ती धावपट्टी संपली आणि विमान दरीत कोसळलं. १६६ पैकी ८ जण वाचले. आज वैमानिकांना एकमेकांचं ऐकण्याचं खास प्रशिक्षण दिलं जातं. धाकट्याने स्पष्ट बोलायचं आणि थोरल्याने ते मनावर घ्यायचं. आपल्या घरांतही याची गरज कमी नाही. 'आई, काहीतरी जळतंय' असं लहानग्याने सांगितलं, तर आधी उठून बघावं, रागवायचं ते नंतर.

आता तुमच्यासाठी, पुढच्या प्रवासाआधी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवण्यासारख्या चार गोष्टी.

पहिली, मास्क खाली आला की आधी स्वतःला लावा, मग मुलाला किंवा आजी-आजोबांना. हा स्वार्थ नाही. ३५,००० फुटांवर हवा गेली तर शहाणपणाने हात चालतील असा वेळ अर्धा ते एक मिनिट असतो. मुलाच्या मास्कशी झटापट करताना तुम्हीच बेशुद्ध झालात, तर दोघांनाही कोण वाचवणार?

दुसरी, मास्क आपल्याकडे नीट ओढा. बऱ्याच विमानांत त्या ओढण्यानेच प्राणवायू सुरू होतो. पिशवी फुगली नाही तरी घाबरू नका, प्राणवायू येत असतो.

तिसरी, त्यानंतर विमान झपाट्याने खाली येईल. ते कोसळत नसतं. श्वास घेता येईल अशा हवेत, साधारण १०,००० फुटांवर, वैमानिक ते मुद्दाम नेत असतात. पट्टा बांधून बसून राहा. कान दुखतील, तेव्हा आवंढे गिळत राहा, तान्ह्या बाळाला दूध पाजा.

चौथी गोष्ट घरातली. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणजे तो वास हा आपल्या स्वयंपाकघरातला भोंगाच आहे. तो आला की उदबत्ती लावून घालवायचा नसतो. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि विजेच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही.

हा लेख घरच्या ग्रुपवर टाका. आणि पुढच्या वेळी केबिन कर्मचारी मास्क दाखवतील, तेव्हा दोन मिनिटं मोबाईल खाली ठेवून त्यांच्याकडे बघा. आपल्या मागे-पुढे दार किती रांगांवर आहे, तेही मोजून ठेवा. मुलांना मोजायला सांगा, त्यांना आवडतं.

— सेक्टर ६, भिलाई