डावा पाय काय करतोय?

सिग्नल लाल झालाय. समोरचा आकडा ९० वरून उलटा मोजतोय. एसी चालू, एफएम चालू, बॉसचा मिस्ड कॉल येऊन गेलाय. आता जरा खाली बघा आणि खरं सांगा, तुमचा डावा पाय कुठे आहे? क्लचवर, फुल दाबून, गाडी फर्स्टमध्ये! का, तर सिग्नल सुटल्यावर पाव सेकंदात मागचा रिक्षावाला हॉर्न मारणार आणि तेवढ्या वेळात गिअर टाकणं आपल्याला झेपणार नाही, असं आपण ठरवून टाकलेलं असतं.

तर बॉस, आजचा विषय त्या पायाच्या पलीकडे, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध बसलेल्या एका पार्टचा. रिलीज बेअरिंग. काही जण थ्रो-आउट बेअरिंग म्हणतात, गॅरेजमधली पोरं नुसतं ‘क्लचचं बेरिंग’. आकार साधारण मेदूवड्याएवढा, मधलं भोकही तसंच. छोट्या गाडीचं असेल तर किंमत काही शे रुपये. पण ते बदलायचं म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणजे पार्ट चिल्लर, मजुरी नोटांची! म्हणूनच हा मेदूवडा समजून घेण्यात पैसा वाचतो.

ते करतं काय? इंजिनाला फ्लायव्हील जोडलेलं असतं, त्यावर प्रेशर प्लेट. ही दोघं मिळून मधली क्लच प्लेट सँडविचमधल्या काकडीसारखी घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणि तिथून चाकांत जाते. गिअर बदलायचा तर ही पकड क्षणभर सोडवायला हवी. अडचण अशी, की पेडल जागच्या जागी आहे आणि प्रेशर प्लेट इंजिनासोबत गरगर फिरतेय. स्थिर वस्तूने फिरत्या वस्तूला ढकलायचं कसं? मध्ये बेअरिंग घालून. तुम्ही पेडल दाबलं की फोर्क नावाचा लोखंडी काटा बेअरिंगला पुढे सरकवतो. बेअरिंगचा एक भाग स्थिर राहतो, दुसरा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर टेकतो आणि त्यांच्याबरोबर फिरायला लागतो. पाय उचलला की भार गेला.

म्हणजे हे बेअरिंग खऱ्या अर्थाने काम करतं ते पाय क्लचवर असेल तेवढाच वेळ. आता गणित करू. गाडी आयडलला मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते. ९० सेकंदांच्या सिग्नलला क्लच दाबून ठेवला तर १२०० फेरे, तेही स्प्रिंगचा पूर्ण दाब अंगावर घेऊन. ऑफिसला जाताना असे दहा सिग्नल आणि येताना दहा धरले तर दिवसाला २४ हजार. महिन्याचे २२ वर्किंग डेज मोजा... ५ लाख २८ हजार! आणि यातला एकही फेरा गिअर बदलण्यासाठी नव्हता. वाकडहून हिंजवडीला किंवा जेव्हीएलआरवरून पवईला जाणाऱ्यांनी आपापले सिग्नल आपणच मोजावेत, माझी हिंमत नाही.

‘मग मेंटेनन्स म्हणून नेमकं करायचं काय? ग्रीस मारायचं?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाही. आजच्या गाड्यांमधलं रिलीज बेअरिंग सीलबंद येतं, ग्रीस आत आयुष्यभरासाठी भरलेलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर गोळ्यांचं बेअरिंग नसून कार्बनची रिंग असायची, ती नुसती घासत घासत झिजायची. तो जमाना गेला. आता कोणी हौशी पोऱ्या बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये ‘साफ’ करायला घेत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. आतलं ग्रीस धुऊन गेलं की ते बेअरिंग मेलं. ग्रीस लागतं ते ज्या नळीवरून बेअरिंग सरकतं तिच्यावर आणि फोर्क जिथे टेकतो तिथे. तेही बोटावर घेऊन, पातळसं. जास्त झालं तर उडून क्लच प्लेटवर जातं आणि गाडी पकडच घेत नाही.

उरलेला सगळा मेंटेनन्स तुमच्या डाव्या पायात आहे. सिग्नलला गाडी थांबली की न्यूट्रल, पाय खाली, गरज वाटली तर हँडब्रेक. आकडा पाचवर आला की गिअर टाका, भरपूर वेळ मिळतो. रिक्षावाला तसाही हॉर्न मारणारच आहे. गाडी धावत असताना पाय पेडलवर ‘नुसता ठेवलेला’ असणं तर आणखी वाईट. तुम्हाला वाटतं वजन पडत नाहीये. पण पायाचं वजनही बेअरिंगला पाकळ्यांवर टेकवायला पुरतं, आणि हायवेला इंजिन आयडलच्या तिप्पट-चौपट वेगाने फिरत असतं. डाव्या बाजूला पाय ठेवायला फूटरेस्ट असेल तर तो वापरा, नसेल तर पाय सरळ जमिनीवर. (ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पहिल्या दिवसापासून ‘क्लच दाबून ठेवा, क्लच दाबून ठेवा’ असं ओरडतात ते गाडी बंद पडू नये म्हणून. लायसन्स मिळाल्यावर ‘आता सोडा’ असं सांगायला कुणीच येत नाही!)

चढावर गाडी हाफ क्लचवर झुलवत उभी करणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ आहे. मॉलच्या पार्किंगचा रॅम्प असो नाहीतर नाताळच्या सुट्टीतला पसरणी घाट. यात आधी जळते ती क्लच प्लेट, बेअरिंगवर भार असतो तो वेगळाच. हँडब्रेक त्याचसाठी दिलाय. ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग फर्स्टमध्ये, पाय क्लचवरून काढून, हळूहळू जावं. मध्ये एखादी बाइक घुसेल. घुसू दे.

एक काम मात्र गॅरेजवाल्याचं आहे आणि ते सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने सांगावं लागतं. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या केबलवाल्या गाडीत पेडलला थोडा मोकळा खेळ असतो, ‘फ्री प्ले’. पेडल हाताने दाबून बघा, सुरुवातीला सैल जातं आणि मग जड लागतं, ते सैल अंतर. क्लच प्लेट झिजत जाते तसं हे अंतर कमी होतं, आणि शून्यावर आलं की तुम्ही पाय काढला तरी बेअरिंगवरचा दाब पूर्ण जात नाही. किती मिलिमीटर हवं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं आणि ॲडजस्टमेंट दहा मिनिटांची. हायड्रॉलिक क्लचमध्ये हे आपोआप सांभाळलं जातं, तिथे बेअरिंग बहुतेक वेळा पाकळ्यांना हलकं टेकूनच असतं. त्या गाड्यांत क्लचचं तेल बघायचं. ते ब्रेकचंच तेल असतं, हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ठरावीक काळाने बदलायचं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. आवाज.

आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सेकंड हँड हॅचबॅक घेतली, ६८ हजार किलोमीटर फिरलेली. दोन महिन्यांत पुढून किर्रर्र सुरू झालं. घराजवळच्या गॅरेजने बॉनेट उघडून, कान न लावताच निदान केलं, ‘मॅडम, गिअरबॉक्स गेला, पूर्ण खोलावा लागेल.’ एस्टिमेट ऐकून तिचा चेहरा पडला. गाडीचा ईएमआय चालूच होता. मी तिला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे घेऊन गेलो. त्यांनी काहीही उघडलं नाही. इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक, एसी आणि एफएम बंद.

‘ताई, तुम्हीच बसा. पाय काढा. आवाज आहे?’

‘नाही.’

‘आता क्लच दाबा, सावकाश. आला?’

‘आला!’

‘सोडा. गेला? मग गिअरबॉक्स ठणठणीत आहे. बेरिंग रडतंय.’

ही टेस्ट पाठच करून टाका. पेडल दाबल्यावर आवाज सुरू होतो आणि सोडल्यावर थांबतो, तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट झालं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पाय काढल्यावर घरघर आणि क्लच दाबला की शांत, तर मामला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. तिथे गिअरबॉक्स खरोखरच खोलावा लागतो आणि बिल मोठं येतं. तिसरा प्रकार, पेडल हलत असतानाच कुरकुर होते आणि ते एका जागी धरलं की काही नाही. मग पेडलची पिन, केबल किंवा फोर्कचा टेकू सुका पडलेला असण्याची शक्यता जास्त. पिन किंवा केबल निघाली तर नशीब समजा, गिअरबॉक्सला हात न लावता काम होतं. सेकंड हँड गाडी बघायला जाल तेव्हा म्युझिक सिस्टिमचं कौतुक करण्याआधी हेच करा. मालक गाडी ‘गरम करून’ ठेवून वाट बघत असेल तर थंड इंजिनावर पुन्हा एकदा या.

आवाज आला म्हणजे गाडी त्याच दिवशी बंद पडते असं नाही, आणि घात तिथेच होतो. माझ्या ओळखीतल्या एकाने असा आवाज तीन महिने गाण्यांच्या व्हॉल्यूमखाली दाबला. शेवटी बेअरिंग जाम झालं आणि स्प्रिंगच्या पाकळ्या खरवडत बसलं. पाचगणीच्या वाटेवर, मागे गाड्यांची रांग, आणि गिअर पडेचना. टो करून वाईला आणल्यावर प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, बेअरिंग, फोर्क, सगळंच नवीन घालावं लागलं.

पावसाळ्याचं वेगळं. क्लचचं घर पाण्यासाठी बंदिस्त नसतं. हिंदमाता किंवा मिलन सबवे ही नावं मुंबईकरांना सांगायला नकोत. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली आणि नंतर क्लच दाबताना चीं-चीं यायला लागली, तर आत पाणी आणि चिखल गेल्याची शक्यता धरा आणि दाखवून घ्या.

‘माझी तर ऑटोमॅटिक आहे’ म्हणून पान उलटणाऱ्यांनो, थांबा. २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिच्यात पेडल नाही, पण क्लच तोच आणि बेअरिंगही आहे, फक्त दाबणारा पाय यंत्राचा. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलत उभी केलीत तर आत हाफ क्लचचाच खेळ चालतो. ब्रेक वापरा.

बेअरिंग बदलायची वेळ आलीच तर माझं मत स्पष्ट आहे. गाडी साठ-सत्तर हजार फिरली असेल तर एकटं बेअरिंग बदलू नका, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटसकट पूर्ण सेट घाला. सहा महिन्यांनी प्लेट गेली तर गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा तुमच्याच खिशातून जाणार. गिअरबॉक्स खाली आहे तोवर फोर्क, सरकायची नळी, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि इंजिनाच्या मागचं ऑइल सील हे सगळं बघून घ्यायला सांगा. सील गळत असेल तर नवीन प्लेटवर तेल पडायला वेळ लागत नाही. गाडी अगदी नवी असेल तर आधी वॉरंटीचं पुस्तक वाचा. झिजणारे पार्ट त्यात बहुतेक वेळा धरत नाहीत, पण सदोष बेअरिंगबद्दल भांडायला जागा असते.

आणि जुने पार्ट मागून घ्या. जुनं बेअरिंग हातात धरून फिरवून बघा. खरखर लागली, अडकत अडकत फिरलं, तर निदान बरोबर होतं. मैत्रिणीचं असंच निघालं. नवीन सेट बसल्यावर पेडल हलकं लागेल आणि गाडी वेगळ्याच जागी पकड घेईल. पहिले एक-दोन दिवस दोनदा बंद पडेल. त्यासाठी गॅरेजला फोन करायची गरज नाही.